केबिनमधली वर्षे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. परदेशी मालवाहतुकीतल्या माझ्या वर्षांबद्दल लिही, असे तू फार दिवसांपासून सांगत आहेस. पण भेट झाली की आपण घरच्या गोष्टींत रमतो आणि तो विषय राहून जातो, म्हणून आज सलग लिहायला बसलो आहे. तू आयुष्यभर पुणे-बंगळूर रस्त्यावर गाड्या चालवल्यास आणि नंतर स्वतःच्या गाड्या लावल्यास, त्यामुळे घाट, गिअर आणि भाडे यांच्याबद्दल तुला काही समजावून सांगावे लागणार नाही. तरीही इंग्लंडहून तेहरानपर्यंत रस्त्याने माल नेणे कोणाला परवडत होते, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. आधी त्याचेच उत्तर देतो.

१९६७ च्या जूनमधल्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद पडला तो १९७५ च्या जूनमध्येच उघडला. तोवर युरोपातून आखाताकडे निघालेल्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालावा लागे. त्यातच १९७३ च्या ऑक्टोबरमधल्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. इराण, सौदी अरेबिया, कुवेत, कतार यांच्या हाती एकदम इतका पैसा आला की कारखाने, रुग्णालये, वीजकेंद्रे आणि विमानतळ सगळे एकाच वेळी उभारायला निघाले. बंदरे मात्र जुनी आणि तोकडीच होती. इराणच्या खोर्रमशहर बंदराबाहेर जहाजे महिनोन्महिने नांगर टाकून उभी असत आणि आतल्या मालासाठी एखादे अख्खे बांधकाम अडून बसलेले असे. अशा मालकाला पंप किंवा जनित्राचा भाग दोन-तीन आठवड्यांत दारात हवा असेल, तर तो सांगू ते भाडे द्यायला तयार असे. ही वाट मात्र तेलाच्या पैशाच्या आधीच पडलेली होती. १९६४ मध्ये बॉब पॉल आणि मायकेल वुडमन या दोघा इंग्रजांनी ‘गाय वॉरियर’ नावाच्या ब्रिटिश ट्रकमधून माल थेट काबूलला नेला आणि त्यातूनच पुढे एशियन ट्रान्सपोर्ट ही कंपनी उभी राहिली. मी या धंद्यात आलो तेव्हा त्यांच्या त्या फेरीची गोष्ट जुने ड्रायव्हर नव्यांना आदराने सांगत असत.

आता गाड्यांबद्दल लिहितो, कारण माझा जीव सगळ्यात जास्त तिथेच अडकलेला आहे. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्या दिवसा चालवून संध्याकाळी घरी परतण्यासाठी बनवलेल्या होत्या. त्यांची इंजिने दणकट, गार्डनर आणि कमिन्ससारखी, वर्षानुवर्षे न कुरकुरणारी. पण केबिन अरुंद, दोन आसनांच्या मध्ये इंजिनाचा उंच डबा, आणि झोपायची सोय म्हणजे त्या दोन आसनांवर आडवी टाकलेली लाकडी फळी. हिवाळ्यात दारांच्या फटींतून वारा येई. गिअर आपोआप जुळवून घेणारी सिंक्रोमेश ही सोय नसल्यामुळे प्रत्येक गिअर बदलताना दोनदा क्लच दाबावा लागे, आणि इंजिनाचा आवाज कानाने ओळखून नेमक्या क्षणी दांडा सरकवावा लागे. ते कसब मला फार आवडे. तुझ्या जुन्या गाडीवर तू ते मला शिकवले होतेस आणि इंग्लंडमध्ये त्याच शिकवणीवर मला पहिली नोकरी मिळाली, हे मी तुला पूर्वी सांगितले आहे की नाही, आठवत नाही.

नंतर मला व्होल्वोची एफ-८८ मिळाली. १९६५ मध्ये स्वीडनमध्ये बाजारात आलेली ही गाडी दिसायला चौकोनी आणि साधी होती. इंजिन साडेनऊ लिटरांच्या किंचित वरचे, ताकद सुमारे २४० अश्वशक्ती. कागदावर पाहिले तर यात अचाट असे काही नव्हते. स्कानियाच्या १४० मध्ये व्ही-८ इंजिन होते, ३५० अश्वशक्तीचे, आणि चढावर ती आमच्या पुढून सहज निघून जाई. परंतु एफ-८८ मध्ये आसनांच्या मागे खरा बिछाना होता, उणे वीस अंशांतही पाय उबदार ठेवणारा हीटर होता, आठही गिअर हलक्या हाताने पडत, आणि केबिन पुढे झुकवून अख्खे इंजिन उघडे करता येई. ज्यांनी ती बनवली, त्यांनी ड्रायव्हर त्या गाडीत राहतो, झोपतो, आजारी पडतो, हे आधी मनात धरले होते. आपल्याकडे कंपनीकडून नुसती चॅसिस यायची आणि केबिन गावातल्या कारागिराकडून लाकडाची बांधून घ्यायची, हे तुला ठाऊकच आहे. आपल्या कारागिरांच्या हातात कसब होते, पण ड्रायव्हरच्या पाठीसाठी पैसे मोजायला मालक तयार नसत. सत्तरच्या दशकात ब्रिटनच्या लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत स्वीडिश गाड्या पुढे सरसावल्या, त्याची कारणे विक्रीच्या हिशेबात शोधणारे पुष्कळ आहेत. मला विचारशील तर त्यातले मोठे कारण तो बिछाना हेच होते.

मार्ग थोडक्यात सांगतो. डोव्हरहून बोटीने बेल्जियम, मग जर्मनी, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हियातून झाग्रेब आणि बेलग्रेड, बल्गेरियातून सोफिया, आणि कापिकुले नाक्यावर तुर्कस्तानात प्रवेश. झाग्रेब ते बेलग्रेड हा रस्ता दिसायला सपाट आणि सरळ, पण जायला एक आणि यायला एक अशा दोनच पट्ट्यांचा. उन्हाळ्यात जर्मनीहून सुटीला घरी निघालेली तुर्की कुटुंबे भरलेल्या मोटारींतून रात्रंदिवस त्यावरून धावत, आणि तिथे मी जितके अपघात पाहिले तितके नंतर कोणत्याही घाटात पाहिले नाहीत. इस्तंबूलला बॉस्फरसवरचा पूल १९७३ च्या ऑक्टोबरअखेरीस खुला झाला होता, त्यामुळे ट्रक फेरीबोटीवर चढवण्याचा ताप माझ्या वाट्याला आला नाही. पुढे बोलूचा डोंगर, अंकारा, सिवास, एर्झिंजान, एर्झुरूम, आणि शेवटी आरारात पर्वताच्या पायथ्याशी इराणची सरहद्द. लंडनपासून तेहरान साडेपाच हजार किलोमीटरांच्या आसपास पडे.

या सगळ्या देशांतून सीलबंद माल न उघडता जाऊ शकत होता, तो टीआयआर या आंतरराष्ट्रीय रस्तेवाहतुकीच्या कराराच्या आधारावर. हा करार १९५९ चा, जिनिव्हात झालेला. ट्रेलरच्या ताडपत्रीला कडेने पितळी भोके असत. ती ट्रेलरच्या बाजूच्या लोखंडी कड्यांवर बसवायची, मग एक लांब तारदोर त्या प्रत्येक कड्यातून ओवत ट्रेलरभोवती न्यायचा आणि त्याची दोन्ही टोके मागे एकत्र आणायची. तिथे कस्टमचा अधिकारी शिशाचे सील ठोकी. सोबत कार्नेट नावाचे पुस्तक असे. देशात शिरताना त्याचे एक पान फाडले जाई आणि बाहेर पडताना दुसरे. सील तुटले किंवा एखादा शिक्का राहून गेला, तर जकातीची जबाबदारी गळ्यात येई. म्हणून थांबा लहान असो की मोठा, उतरल्याबरोबर आधी तारेवरून हात फिरवत ट्रेलरभोवती एक फेरी मारायची सवय अंगात मुरली. लोकांना वाटते की आम्ही सतत गाडी पळवत होतो. प्रत्यक्षात आयुष्याचा मोठा भाग नाक्यांवरच्या रांगांत, शिक्क्याची वाट पाहण्यात गेला. इराणच्या सरहद्दीवर आठवडाभर रांगेत अडकलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या रांगेत गाडीच घर होई: स्टोव्हवर भात शिजे, कपडे दोन ट्रेलरांमधल्या दोरीवर वाळत, आणि पुढच्या गाडीतला हंगेरियन ड्रायव्हर भाषेचा एक शब्द समान नसताना तासभर गप्पा मारून जाई.

तू ज्या एका ठिकाणाबद्दल मुद्दाम विचारले आहेस, त्या ताहिरच्या घाटाबद्दल आता सविस्तर लिहितो. एर्झुरूमच्या पूर्वेला होरासान सोडले की हा चढ लागतो आणि माथा जवळपास अडीच हजार मीटर उंचीवर आहे. तेव्हा रस्ता खडी-मातीचा होता, कठडा नव्हता, आणि हिवाळ्यात वर दाबून दाबून काचेसारखा झालेला बर्फ असे. चढताना मागच्या चाकांना साखळ्या बांधून कसेही वर पोचता येते. खरी परीक्षा उतारावर. इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक एरवी मोठा आधार असतो, पण तो फक्त इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या चाकांना धरतो. बर्फावर तीच चाके अडली, की वीस टन मालाचा ट्रेलर मागून रेटत येतो आणि गाडी मधोमध दुमडते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच, माथ्यावर उभे राहून, ज्या गिअरमध्ये तो घाट चढलो असतो त्याहूनही एक गिअर खाली टाकायचा, पायाचा ब्रेक विसरायचा, आणि ट्रेलरच्या ब्रेकचा जो स्वतंत्र हातदांडा असतो तो अगदी हलका, सुटा सुटा ओढत राहायचे. त्यामुळे ट्रेलर मागे ताणलेला राहतो आणि पुढची ओढणारी गाडी सरळ चालते. वेग चालत्या माणसाइतका. घाई करणाऱ्यांच्या गाड्या खाली दरीत दिसत, बर्फातून वर आलेले लाल किंवा निळे केबिन, आणि वसंत ऋतूपर्यंत त्या तशाच पडून राहत.

एका जानेवारीत माथ्याच्या अलीकडे माझी गाडी बंद पडली. थंडीने डिझेलमधले मेण साकळले होते आणि फिल्टर तुंबला होता. त्या भागात सगळेजण डिझेलमध्ये थोडे रॉकेल मिसळत आणि ब्रेकच्या हवेच्या नळ्यांत पाणी गोठू नये म्हणून स्पिरिट घालत. मीही ते केले होते, पण त्या रात्रीच्या थंडीला ते पुरले नाही. मागून एक तुर्की ट्रक आला, रंगीत फुलापानांनी मढवलेला, कपाळावर ‘माशाल्ला’ लिहिलेला. त्याचा ड्रायव्हर उतरला, माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली, आणि एका पत्र्याच्या थाळीत डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी पेटवून ती माझ्या टाकीच्या खाली, हाताने अंतर राखत, सावकाश पुढे-मागे फिरवू लागला. मी तोवर फिल्टर काढून त्याच्या किटलीतल्या गरम पाण्यात धरला. बोटांना काही कळत नव्हते. इंजिन सुरू झाल्यावर तो लगेच गेला नाही. उतार संपेपर्यंत माझ्या पुढे राहिला आणि प्रत्येक वळणाआधी मागचा दिवा लुकलुकवत राहिला. खाली एलेश्किर्तला त्यानेच मला चहा पाजला, पैसे काढू दिले नाहीत. त्याचे नाव मी विचारले होते, त्याने सांगितलेही होते, पण एवढ्या वर्षांत ते निसटले याची मला खंत वाटते.

दक्षिणेची वाट वेगळी होती. तुर्कस्तानातल्या अडाना शहराहून सीरिया, जॉर्डन, आणि मग सौदी अरेबियातून तेलवाहिनीच्या कडेने जाणारा रस्ता, ज्याला सगळे ट्रान्स-अरेबियन पाइपलाइनवरून थोडक्यात टॅपलाइन म्हणत. कैसूमा ते लेबननमधले सिदोन ही १२१४ किलोमीटरांची वाहिनी १९५० मध्ये पूर्ण झाली होती. तिच्या सोबतीने तुरैफ, बदाना, रफ्हा ही पंप केंद्रे एकामागून एक येत, आणि मध्ये वाळू, उष्णता व उलटलेल्या गाड्यांचे सांगाडे यांशिवाय काही नसे. तिथे दुपारी चालवणे टायरांना सोसत नसे. आम्ही पहाटे निघत असू आणि उन्हे चढली की ट्रेलरच्या सावलीत चटई टाकून पडत असू. दम्मामला माल उतरवताना खेडकडचा एक माणूस भेटला, त्याने मराठीत हाक मारली आणि रात्री मासे-भात खाऊ घातला. आखातात आपले कोकणातले लोक तेव्हाही पुष्कळ होते.

हा धंदा फार वर्षे टिकला नाही. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, १९८० च्या सप्टेंबरमध्ये इराण-इराक युद्ध पेटले. आखातातली बंदरे वाढली, कंटेनर आले, आणि जो माल उरला तो तुर्की, बल्गेरियन आणि हंगेरियन गाड्या आमच्यापेक्षा बऱ्याच स्वस्तात नेऊ लागल्या. ब्रिटिश ड्रायव्हर हळूहळू त्या रस्त्यावरून नाहीसे झाले.

तुझ्या मुलाच्या तक्रारीबद्दलही लिहितो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, त्याने गाडी महागली, हे खरे आहे. तरीही त्याला माझ्या वतीने आग्रहाने सांग की हा खर्च त्याने मनापासून करावा. मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर दुपारी इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाची नजर तिसऱ्या तासाला कशी जड होते, हे तू आणि मी दोघेही जाणतो. केबिनमध्ये बिछाना पुरेसा लांब आहे का, हेही त्याने स्वतः आडवे होऊन पाहावे. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये.

सोबत माझा जुना तुर्कस्तानचा नकाशा पाठवत आहे. घड्यांवर तो फाटला आहे, जपून उघड. चहाची चांगली ठिकाणे मी पेन्सिलीने टिंबे देऊन दाखवली आहेत आणि जिथे डिझेल घेऊ नये तिथे फुल्या आहेत. वहिनींना नमस्कार सांग आणि गुडघ्याचे कसे काय आहे ते सविस्तर कळव.

तुझा,
मित्र