परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र: सक्करच्या हिंदूंनी नेमकं कुणाचं व्हायचं?

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
सप्रेम नमस्कार.

मी उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये राहतो. गेल्या आठवड्यात माझ्या सासूबाई पाकिस्तानात, सिंधमधल्या सक्करला वारल्या. बायको लग्न होऊन तिथून इथे आली, रीतसर भारताची नागरिक झाली. आजारी आईला इथे आणायचं म्हणून आम्ही कागद जोडले, हमीपत्र दिलं. त्यातच २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली, बहुतेकांना धर्म विचारून. त्याचा संताप आम्हालाही आहे, तो आम्हाला कुणी शिकवू नये. दुसऱ्याच दिवशी अटारीची सीमा बंद करायचं ठरलं, पाठोपाठ व्हिसे रद्द झाले आणि आमचा अर्ज त्याच गठ्ठ्यात गेला. चौकशीला गेलो, तर एका कार्यालयातल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "पाकिस्तानी आहेत ना? मग विषय संपला."

शेवटच्या रात्री बायको मोबाइल घेऊन गॅलरीत उभी होती, घरात रेंज येत नाही म्हणून. पलीकडे तिच्या भावाने फोन आईच्या कानाशी धरला होता. चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. "अम्मा, अम्मा" एवढंच ती म्हणत राहिली.

साहेब, पाकिस्तानात ५० लाखांच्या आसपास हिंदू आहेत, बहुतेक सगळे सिंधमध्ये. त्यांच्यावर अन्याय झाला की आपण निषेध नोंदवता. ८ एप्रिल १९५० चा, अल्पसंख्याकांच्या रक्षणाचा नेहरू-लियाकत करार पाकिस्तानने पाळला नाही, म्हणून २०१९ चा नागरिकत्वाचा कायदा आणावा लागला, असं संसदेत सांगितलं गेलं. पण तो कायदा पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत घरदार सोडून आलेल्या हिंदू, शीख वगैरेंसाठी. जे आपली जमीन, आपले दरबार, म्हणजे देवस्थानं, सांभाळत तिथेच राहिले, त्यांना चार दिवस लेकीकडे यायचं असेल तर ते शत्रुराष्ट्राचे नागरिक! आणि धर्मच बघायचा होता, तर श्रीलंकेतून आलेले तमिळ हिंदू त्या कायद्यात का नाहीत? १९८३ पासून ते छावण्यांत राहताहेत.

तिकडचे तर त्याहून निर्दय. त्यांचे लष्करप्रमुख पहलगामच्या आठवडाभर आधी जाहीर सभेत सांगतात की हिंदू आणि मुसलमान प्रत्येक बाबतीत वेगळे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुरू नानक जयंतीच्या यात्रेकरूंच्या जथ्यातून गेलेल्या १४ जणांना, तुम्ही शीख नाही, हिंदू आहात म्हणून वाघ्यावरून परत पाठवलं. आमच्या सिंधी घरांत पिढ्यान्‌पिढ्या गुरू ग्रंथसाहिबापुढे माथा टेकतात, हे त्या अधिकाऱ्यांना कोण सांगणार? १९७४ चा तीर्थयात्रांचा करार दोन्ही देशांनी सह्या करून केला आहे ना?

आधीच दीर्घ मुदतीच्या व्हिसावर इथे असलेल्या हिंदूंना आपण राहू दिलंत, चांगलं केलंत. पण त्याच दिवसांत अटारीवर भारतीय पासपोर्टची लेकरं या बाजूला आणि पाकिस्तानी पासपोर्टची आई त्या बाजूला, अशा ताटातुटी झाल्या. त्या आया मुसलमान होत्या. त्यांचं रडणं माझ्या बायकोच्या रडण्याहून हलकं कसं मानू? दोन्हीकडच्या सरकारांना धर्म लागतो तो भाषणाला. सीमेवर ताटातूट मात्र घराघरांची होते.

माझी मागणी एवढीच. रक्ताच्या नात्यात मरण किंवा गंभीर आजार असेल, तर धर्म न विचारता व्हिसा द्या. कसून तपासणी करा, रोज पोलीस ठाण्यात हजेरी लावा म्हणा, पण पंधरा दिवसांत हो की नाही ते लेखी कळवा. ऑगस्ट २०१९ पासून बंद असलेला राजस्थान-सिंध सीमेवरचा मुनाबाव-खोखरापारचा रेल्वेमार्ग उघडायची बोलणी सुरू करा. सासूबाईंच्या अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही. ते आता तरी पाठवा.