आईला वाचता येईल असं एकच काम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कॉलेजच्या पोरांच्या डिझाईन प्रदर्शनाचे फोटो छापले होते ते बघितले. कामं चांगली आहेत, आमच्या वेळेपेक्षा खूपच चांगली, पण चष्मा चढवून नीट बघितलं तर सगळ्या फोटोंत मिळून देवनागरी शब्द एकच, 'गोंय', आणि त्यातपण दोन अक्षरांत एवढी फट की शिरोरेषा तुटून गो एकीकडे आणि य दुसरीकडे. मी फोंड्यात डीटीपी आणि प्रिंटिंगचं छोटं दुकान चालवतो, असलं दिसलं की हात शिवशिवतात. चांगलं खरमरीत पत्र लिहायला घेतलं होतं, पण त्याच आठवड्यात चवथीची साफसफाई निघाली आणि माळ्यावरून माझाच पोर्टफोलिओ खाली आला. मग ते पत्र फाडलं आणि हे लिहायला बसलो.

मी २००५ साली अप्लाइड आर्ट करून बाहेर पडलो. काळ्या रेक्झिनचा पोर्टफोलिओ, वीसेक पावसाळे खाल्लेला, कडांना बुरशी आणि आत कसर. माऊंट केलेली २२ कामं. त्यातलं मराठीत किती तर शून्य. कोकणीत पण शून्य. आमच्याकडे घरात कोकणी बोलतात आणि पेपर वाचतात मराठी, हे गोव्याबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही पण तुमचे बरेच वाचक असेच आहेत, म्हणजे आमच्या घरची दोन्ही भाषांची लिपी एकच आणि चार वर्षांत कॉलेजच्या कामात मी ती कुठे वापरलीच नाही. कोणी अडवलं होतं असंपण नाही. इंग्लिशमध्ये काम भारी दिसतं असं मलाच वाटायचं.

आता बघताना सगळ्यात जास्त हसू आलं ते फेणीच्या लेबलला. पॅकेजिंगचा प्रोजेक्ट होता, विषय काजूची फेणी, आणि मी लेबलवर काय काढलं तर माड! दोन माड, मध्ये मावळता सूर्य, खाली होडी. माडाची फेणी वेगळी असते हो, ती पण चांगली असते, पण बाटलीवर मी स्वतःच कॅश्यू लिहिलेलं. आणि हे कोणी केलं तर ज्याच्या मामाची काजूची भट्टी होती त्यानं. मे महिन्यात आम्ही पोरं तिथेच पडलेली असायचो, पिकून खाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायचे, बिया पिळून वेगळ्या काढायच्या, बोंडू पायाने तुडवायचे, नीरो, म्हणजे त्यांचा ताजा रस, प्यायचा, मग भाण, म्हणजे दारू गाळायचं मडकं, चुलीवर चढलं की पहिल्या धारेचा हुर्राक आणि तोच परत भाणात घालून फेणी. तो वास शर्टातून दोन धुण्यांत जायचा नाही. एवढं सगळं नाकात असताना मी लेबल केलं ते एअरपोर्टवर उतरणाऱ्या टुरिस्टाच्या डोक्यातल्या गोव्याचं. वर किनारीला देवळातली कावी चिकटवली, म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगात कोरलेली नक्षी असते ती, देवळाच्या भिंतीवरून ट्रेस करून. का? रिकामं दिसत होतं म्हणून. २००९ साली फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा हे लेबल आठवून दुकानात एकटाच लाजलो होतो.

दुसऱ्या वर्षाची पोस्टरं बघण्यासारखी नाहीत. मोठ्या डोळ्यांच्या बायका, गर्दी, बाल्कनी, खाली कुत्रा. आमच्या बॅचमधले निम्मे तरी व्यंगचित्रकार मारियो मिरांडा व्हायला निघालेले. मारियो लोटलीच्या घरात बसून आजूबाजूची माणसं बघून काढायचे आणि आम्ही मारियोंची चित्रं बघून काढायचो, एवढाच फरक.

एक प्रोजेक्ट बसस्टँडच्या पाट्यांचा होता, त्यावर मी फार खुश होतो. पिवळ्यावर काळं, स्वच्छ रोमन अक्षर, बाण, छोटी चित्रं, मार्कपण बरे मिळाले. आई पणजीहून फोंड्याला यायची तेव्हा कंडक्टरला विचारून बसमध्ये चढायची, "फोंड्याक वता?" असं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव ज्या मराठी प्राथमिक शाळा निघाल्या त्यातल्या एका शाळेत ती शिकली, तुमचा पेपर रोज पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत वाचते. तिला माझी एकपण पाटी वाचता आली नसती. प्रोजेक्टच्या वहीत 'युजर' म्हणून मी लिहिलं होतं टुरिस्ट, बॅकपॅकर, ऑफिसला जाणारी माणसं. आई नव्हती त्यात.

आणि याच पोर्टफोलिओत माझी एक थिअरीची असाइनमेंट सापडली, छपाईचा इतिहास. त्यात रुबाबात लिहिलंय की भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या जुन्या गोव्यात आला, खरं तर तो अॅबिसिनियाला (आजचा इथिओपिया) जायचा होता आणि इथेच राहिला. पुढे हेपण लिहिलंय की फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं, भाषा मराठी आणि लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, नव्हते. तेव्हा हे मी पाठ करून लिहिलं, खाली टिकमार्क आहे. त्यांच्याकडे खिळे तरी नव्हते, माझ्या कॉम्प्युटरच्या विंडोजबरोबर मंगल फॉन्ट आयता मिळत होता, र. कृ. जोशींसारख्या माणसानं केलेला (ते कवी आणि सुलेखनकारपण होते), आणि मी तो कधी उघडून बघितला नाही.

तर आता मुद्द्याचं. पोर्टफोलिओच्या मागच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद निघाला. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाचं पोस्टर, मी तिसऱ्या वर्षाला असताना केलेलं. हे मी कधी कोणाला दाखवलं नव्हतं. मागे खळ वाळलेली आहे म्हणजे कुठल्या तरी भिंतीवरून काढून आईनंच ते तिथे ठेवलं असणार, मी तर नक्कीच नाही.

त्याची गोष्ट अशी. नाटक मंडळाचे काका आले, तू आर्टिस्ट झालास म्हणे, पोस्टर करून दे. पैसे वगैरे विषयच नव्हता. मी म्हटलं रात्रीत करतो. कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलो आणि पहिल्यांदाच देवनागरी टाईप केलं. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांच्या जागेवर आपली अक्षरं कोंबलेली, तो फॉन्ट मशीनवर नसेल तर मराठी जाऊन नुसता रोमन कचरा दिसायचा. ओळींतलं अंतर मी इंग्लिशच्या सवयीनं ठेवलं, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत आणि रफारांत घुसले. आणि स्टाईल म्हणून 'प्रवेश विनामूल्य' मध्ये 'विना' हे बारीक करून तिरकं वर टाकलं आणि 'मूल्य' मोठं ठसठशीत, वेगळ्या रंगात. फार आवडलं होतं मला ते.

सीडी घेऊन प्रेसवर गेलो आणि देऊन निघालो. कन्व्हर्ट टू कर्व्हज, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकायचे की मग फॉन्ट लागत नाही, ते केलं नव्हतं. आज माझ्या दुकानात कोणी असं केलं तर मी त्याला बाहेर काढतो. तिथल्या ऑपरेटरकडे माझा फॉन्ट नाही, समोर सगळा कचरा, संध्याकाळपर्यंत माल द्यायचा, त्या बिचाऱ्यानं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवरून सगळं परत टाईप केलं आणि ते कोपऱ्यातलं तिरकं 'विना' त्याला कचऱ्यातलाच एक तुकडा वाटला असणार. २०० पोस्टरं छापून आली, प्रवेश मूल्य! जत्रेतल्या नाटकाला तिकीट लावलं म्हणून गावात बोंबाबोंब. प्रूफ बघायला यायला सांगितलं होतं, मी गेलो नव्हतो, कॉलेजात सबमिशन होतं. त्या बसस्टँडच्या पाट्यांचंच.

काका रागावले नाहीत. देवळाच्या मंडपात खाली बसले, काळा मार्कर घेतला आणि प्रत्येक पोस्टरवर हंसपद (राहिलेला शब्द घालायची खूण) काढून वर 'विना' लिहीत गेले. मी शेजारी बसून अर्धी केली. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, जुनी सवय, नाटकाचे बोर्ड ते आधी ब्रशनेच रंगवायचे. लिहिता लिहिता सहज म्हणाले, हा शब्द तोडायचा नव्हतास रे, तो एकत्रच वाचतात. चार वर्षांतला टायपोग्राफीचा सगळ्यात उपयोगी धडा मला असा मंडपात मांडी घालून मिळाला, पण तेव्हा लाजेनं मान वर होत नव्हती, पोस्टर पोर्टफोलिओत घालणं तर लांबच.

परवा आईला सगळी २२ कामं आणि हे पोस्टर असं दाखवलं. ती म्हणाली, बाकीची चित्रं बरी आहेत, पण त्यांत लिहिलंय काय ते तू घरी असलास तरच कळतं. मग पोस्टर हातात घेऊन वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचलं, पात्रांच्या नावांसकट, त्यातले दोघे आता नाहीत त्यांच्यावर थांबली.

आत्ताच्या पोरांना मी नावं ठेवत नाही, ठेवायला तोंडच नाही मला. उलट त्यांच्याकडे आता युनिकोड आहे, मशीन बदललं तरी मराठीचा कचरा होत नाही, मुक्ता आणि बालूसारखे 'एक टाईप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे सुंदर फॉन्ट फुकट मिळतात. तरी पोर्टफोलिओ प्रिंट करायला माझ्याकडे येतात तेव्हा तेच दिसतं, कपवर लोगो, पिशवीवर लोगो, भिंतीवर लोगो, सगळं इंग्लिशमध्ये, आणि चुकून कुठे मराठी असलंच तर वेलांटी अक्षराच्या पलीकडे पडलेली, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. कारण जुन्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांचं सेटिंग आधी चालू करावं लागतं, इनडिझाईनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. दोन मिनिटांचं काम आहे. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की शिरोरेषा तुटते, ओळींत इंग्लिशपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, मराठीतला ल पाकळीचा असतो, असल्या गोष्टी एका दुपारी शिकवून होतात.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या ऑफिसात पान लावणारी मंडळी रोज रात्री हेच काम करतात, मथळा दोन कॉलममध्ये बसत नसेल तर शब्द बदलायचा की साईज कमी करायची, कुठला शब्द तोडायचा आणि कुठला नाही, हे त्यांच्याइतकं गोव्यात दुसऱ्या कोणाला येत असेल असं मला वाटत नाही. वर्षातून एक दिवस चार-पाच विद्यार्थ्यांना त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसवा. आणि पुढच्या वेळी प्रदर्शनाचे फोटो छापाल तेव्हा एखादं फसलेलं कामपण मागून घ्या. देणार नाहीत म्हणा, मीपण दिलं नसतं.

ते पोस्टर मी दुकानात काऊंटरच्या मागे लावलंय, मार्करचा 'विना' तसाच आहे, थोडा तांबूस पडलाय. प्रिंट काढायला आलेली पोरं विचारतात हे काय म्हणून. गिऱ्हाईक कमी असेल तर सगळी गोष्ट सांगतो, रांग असेल तर म्हणतो फाईल कर्व्हमध्ये केलीस का ते आधी सांग.

आपला,
एक नेहमीचा वाचक, फोंडा