आई-बाबा, फ्रिजवरचा तो डबा एकदा उपडा करा

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे बोलायला गेलं की बाबा "हां हां" करत फोन आईकडे देतात आणि आई "बरं हाय सगळं, तू जेवलीस का" म्हणून विषयच संपवते, म्हणून लिहून पाठवतेय. लांबलंय जरा, पण वाचा. आणि बाबा, चष्मा लावून वाचा, अंदाजाने नको.

विषय फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्याचा. प्रोटीन पावडर, स्पिरुलिना (ती हिरव्या शेवाळाची पावडर), दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं कॅल्शियम, व्हिटॅमिन डीची पाकिटं, मल्टीव्हिटॅमिन आणि वर गुडघ्यासाठी कसलंसं चूर्ण. यातलं डॉक्टरांनी लिहून दिलेलं किती आणि शेजारच्या काकूंनी दिलेलं किती, हे तुम्हाला दोघांनाही धड सांगता येत नाही. काकूंबद्दल माझं काही म्हणणं नाही, बाबांच्या आजारपणात त्याच धावून आल्या होत्या, पण त्यांनी आता कुठल्यातरी कंपनीची एजन्सी घेतलीय आणि माणूस चांगला असला म्हणून त्याने विकलेली पावडर आपल्याला लागतेच असं नाही ना. महिन्याला पाच-सहा हजार त्या डब्यात जातायत आणि इकडे बाबांचं रात्रीचं जेवण म्हणजे चहात बुडवलेले टोस्ट! याचाच राग येतो मला. गोळ्या वाढत चालल्यात आणि ताट रिकामं होत चाललंय.

म्हणजे मी गोळ्यांच्या विरोधात आहे असं नाही हं. उलट एक गोळी बाबांना बहुतेक खरंच लागणार आहे आणि नेमकी तीच त्या डब्यात नाही. व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह. बाबांच्या तळपायाला मुंग्या येतात, जिना चढून आले की थकवा येतो, आणि "वय झालं" म्हणून आपण सगळे गप्प बसतो. तर ऐका, बी-ट्वेल्व्ह कमी पडलं तरी असंच होतं. आणि ते धान्यात नाही, डाळीत नाही, भाजीत नाही. मांस, मासे, अंडी आणि दूध-दही, एवढ्यातच मिळतं. आपल्या घरात पहिल्या तीन गोष्टी उंबऱ्याच्या आत येत नाहीत, आणि शुगर निघाल्यापासून बाबांनी दूधही जवळपास सोडलं. त्यात शुगरसाठी इतकी वर्षं चालू असलेल्या मेटफॉर्मिनने बी-ट्वेल्व्ह अंगात शोषलं जाणं कमी होतं, आणि सकाळी उठल्या उठल्या घेता त्या ॲसिडिटीच्या गोळीनेही होतं, कारण अन्नातलं बी-ट्वेल्व्ह सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं आणि ती गोळी आम्लच कमी करते. म्हणजे तिन्ही बाजूंनी वाट बंद. गोळीतलं बी-ट्वेल्व्ह आधीच सुटं असतं म्हणून ते अशा पोटातही लागू पडतं. पण म्हणून मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करू नका, बाबा, तुमचा स्वभाव मला माहितीय! रक्त तपासायचं, कमी निघालं तर डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतील, एवढंच.

आणि काकू म्हणतात ना की स्पिरुलिनामध्ये शाकाहारी बी-ट्वेल्व्ह असतं, ते तसं नाही. त्यात जे असतं ते बहुतेक नकली, बी-ट्वेल्व्हसारखं दिसणारं पण आपल्या शरीराला न चालणारं. आणखी एक, त्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये फॉलिक ॲसिड आहे. बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर गेलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून आधी तपासणी.

बाबा, फॉलिक ॲसिडवरून आठवलं, ही गोष्ट तुम्हाला आवडेल कारण आपले आजोबा गिरणीतले. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली होती, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त इतकं का कमी होतं ते शोधायला. तिला औषध मिळालं ते यीस्टच्या अर्कात, म्हणजे ब्रेडला लावून खातात ना ते मार्माइट, त्यात. त्या बायकांचं रक्त वाढलं, १९३१ मध्ये तिने ते छापलं, आणि त्यातला गुण म्हणजे फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) हे कळायला पुढे आणखी वर्षं गेली. म्हणजे गोळी तयार व्हायच्या कितीतरी आधी एका खायच्या वस्तूने काम केलं होतं. आपल्या सोलापूरच्या गिरण्यांतल्या बायकांची तब्येत अशी कुणी बघितली होती का काय की.

आता आई, तुझं. तुझी गडबड वेगळीच आहे. सकाळी उठून थायरॉइडची गोळी, तिच्याबरोबरच कॅल्शियमची गोळी, वर लगेच चहा, "एकदाच काय ते उरकून टाकते" म्हणत. अगं, कॅल्शियम त्या थायरॉइडच्या गोळीला अंगाला लागूच देत नाही. दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर पाहिजे. लोहाच्या गोळीचंही तसंच. थायरॉइडची उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, मग अर्धा-एक तास चहासुद्धा नाही (हे तुला सगळ्यात जड जाणार, माहितीय), आणि कॅल्शियम दुपारी जेवताना. दरवेळी डोस वाढवावा लागतोय म्हणून तू थायरॉइडला बोल लावत बसलीस, आधी हे बदलून बघ आणि डॉक्टरांना सांग की आजवर दोन्ही एकत्र घेत होते. आणि दोन कंपन्यांचं कॅल्शियम कशाला? कुठलं एक ठेवायचं ते त्यांनाच विचार.

व्हिटॅमिन डीचं पाकीट साठ हजार युनिटचं आहे. ते आठवड्यातून एकदा, डॉक्टर सांगतील तितके आठवडे, दुधाबरोबर किंवा जेवणानंतर. आई म्हणली की एकदा दोन दिवस सलग घेतलं कारण वार लक्षात राहिला नाही. त्याने लगेच काही होत नाही, पण हे लघवीवाटे निघून जाणारं व्हिटॅमिन नाही, साठत जातं, आणि फार झालं की रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, पुढे किडनीला त्रास. कॅलेंडरवर गुरुवारी गोल करून ठेव. तसं सोलापूरच्या माणसाला डी कमी पडावं हे ऐकायलाच कसंतरी वाटतं, पण उन्हाला भिऊन तुम्ही दोघं दिवसभर पडदे ओढून घरात बसता आणि फिरायला जाता ते पहाटे सिद्धेश्वर तळ्यावर. कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण फार नसतात. आत्ता थंडीचं अकरा-बाराला गच्चीवर हातपाय उघडे ठेवून थोडं बसा, शेंगा निवडत बसलात तरी चालेल. एप्रिल-मेमध्ये मात्र अजिबात नको, बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये भलतंच काही व्हायचं.

ते गुडघ्याचं चूर्ण तर बंदच करायचंय. ज्याच्यावर कुणी बनवलं, आत काय आहे काहीच छापलेलं नाही ते पोटात कसं घालता? असल्या चूर्णांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणून तर दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो, आणि बाबांची शुगर वाढते ती वेगळीच. फक्त बरेच दिवस चालू असेल तर बंद करायच्या आधी डॉक्टरांना दाखवा, कारण स्टेरॉइड असलं तर एकदम तोडणंही बरं नाही. बाकीच्या डब्यांवर अन्न खात्याचा (FSSAI चा) चौदा आकडी लायसन्स नंबर आहे का ते बघा, आणि सप्लिमेंटवर इंग्रजीत बारीक अक्षरात छापलेलं असतं की हे औषध म्हणून वापरायचं नाही. कायद्यानेच छापावं लागतं ते. काकूंना तेवढी ओळ वाचून दाखवा एकदा.

आता पावडर. त्या डब्यामागे शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन किती आणि साखर, माल्टोडेक्स्ट्रिन किती ते वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे साखरेचाच भाऊ, शुगर तशीच चढवतो. वय झालं की हातापायांतली ताकद कमी होते आणि प्रोटीन जरा जास्तच लागतं हे काकूंचं म्हणणं खरं आहे, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम तरी पाहिजे. आई साठ किलोची, म्हणजे साठ ग्रॅम. पण ते डब्यातूनच यायला पाहिजे असं कुठंय? ज्वारीच्या दोन भाकरी म्हणजे बारा ग्रॅमच्या आसपास, दोन वाट्या घट्ट वरण (घट्ट! तुझं हल्लीचं पाण्यासारखं नाही) म्हणजे तेरा, दूध-दही मिळून अर्धा लिटर म्हणजे सोळा, मूठभर शेंगदाणे सात-आठ, मटकीची एक वाटी उसळ सहा-सात. पंचावन्नपर्यंत आलो की नाही घरातल्या घरात? आणि ज्वारीत जे लायसिन (प्रोटीनमधलाच एक घटक) कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, म्हणजे भाकरी-आमटी ही जोडी कुणी उगाच नाही जमवलेली. बाबांच्या बाबतीत आधी किडनीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघायचा, शुगरवाल्यांनी असल्या पावडरी न विचारता घ्यायच्याच नाहीत.

बाबांचं म्हणणं, दात राहिले नाहीत, भाकरी चावत नाही. मग आपली कडक भाकरी चुरून आमटीत भिजत ठेवा ना, पाच मिनिटांत मऊ होते, आजोबा शेवटपर्यंत तसंच खायचे. रात्री टोस्टऐवजी हुलग्याचं (कुळथाचं) माडगं, म्हणजे पातळ पेज, करत जा, हुलग्यात शेकडा बावीसच्या आसपास प्रोटीन आहे आणि चावायचा प्रश्नच नाही. गूळ घालायचा नाही, मीठ-जिऱ्याचं करायचं. नाचणीही आणा, तिच्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, ज्वारीत तीसही नाही. अंबील करा, वर ताक. तीळ तर संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेला, आणताच, ते जानेवारी संपला की डब्यात पडून राहतात, चटणीत टाका रोज चमचाभर.

शेंगा चटणीबद्दल मात्र बाबा ऐकणार नाहीत, तरी सांगते. चटणी चांगलीच आहे, पण बाजारच्या चटणीत मीठ भरपूर, शिवाय वर पापड आणि लोणचं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. बीपीची गोळी एका हाताने घ्यायची आणि दुसऱ्या हाताने चटणीचा डोंगर वाढून घ्यायचा, कसं चालेल? आई, घरीच कुट, मीठ निम्मं, लसूण दुप्पट. भाजीवर लिंबू पिळा, लोह अंगाला लागतं, आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नका, त्याने उलटं होतं.

सोमवारी डॉक्टरांकडे जाताना डब्यातलं सगळं पिशवीत घालून न्या, काही लपवायचं नाही, चूर्ण पण न्यायचं. बी-ट्वेल्व्ह, डी, क्रिएटिनिन आणि आईचं थायरॉइड करायचं का ते विचारा. मी लॅबवाल्याला घरी यायला सांगते, उगाच उन्हातान्हात रिक्षा शोधत फिरू नका. काकूंचे या महिन्याचे पैसे द्यायचे राहिलेत ते देऊन टाका, पुढचा डबा मात्र घेऊ नका, आणि सांगायला अवघड वाटत असेल तर माझं नाव सांगा, मी वाईट झाले तरी चालेल. हो आणि आपल्या गल्लीतली कुणीतरी शुक्रवारी इकडे यायलीय म्हणे, तिच्याबरोबर कडक भाकरी पाठव, इथे पुण्यात मिळते ती काय खरी नाही.

तुमची,
पिंकी