इस्फहानचा पैसा कुठून आला ते पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इराणातल्या इस्फहान शहरावर पानभर लेख दिलात, फोटो एक नंबर, पण वाचून असं वाटलं की तिथल्या बादशहाला, शहा अब्बासला, एक दिवस हुक्की आली अन् त्यानं निळे घुमट उभे करून टाकले. पैसा कुठून आला याची एक ओळ नाही. आमचं इतवारीत किराण्याचं ठोक दुकान आहे, त्यामुळे माझं लक्ष तिकडंच जाणार.

१५९८ च्या सुमारास अब्बासनं राजधानी कझवीनहून तिथं आणली. ते नक्श-ए-जहान मैदान नीट बघा, पश्चिमेला महाल, पूर्वेला राजघराण्याची मशीद, दक्षिणेला सगळ्या गावाची मोठी मशीद आणि उत्तरेला बाजाराचा दरवाजा, म्हणजे महालाच्या सज्जात उभं राहिलं की दुकानदारी पण नजरेत. पोलोचे दगडी खांब अजून उभे आहेत म्हणे.

आता खरी गोष्ट. अरस नदीकाठच्या जुल्फा गावातले आर्मेनियन व्यापारी त्यानं १६०४-०५ मध्ये जबरदस्तीनं उचलून आणले, तुर्कांच्या हाती काही लागू नये म्हणून मागं गाव जाळलं, वाटेत हजारो मेले, आणि जे उरले त्यांना झायंदे नदीच्या पलीकडे नवीन जुल्फा वसवून दिलं, चर्च बांधू दिलं, रेशमाचा धंदा हातात दिला, कारण त्यांची माणसं युरोपपासून आपल्या सुरतेपर्यंत पसरलेली होती. आधी घर जाळायचं मग दुकान थाटून द्यायचं, काय म्हणावं बाप्पा! इराणातला पहिला छापखानाही याच लोकांनी १६३८ पर्यंत सुरू केला. तुमच्या लेखात हे आर्मेनियन कुठंच नाहीत.

१७२२ मध्ये अफगाणांनी वेढा घातला, महिनोन् महिने, लोक उपाशी मेले, शेवटी तेव्हाचा शहा सुलतान हुसेननं स्वतः जाऊन अफगाणांचा म्होरक्या महमूदच्या हाती मुकुट दिला. पुढे राजधानी मशहद, शिराझ करत तेहरानला गेली. आपल्या नागपूरचंही राजधानीपण १९५६ ला गेलंच की, आता हिवाळी अधिवेशन आलं की तेवढ्यापुरतं डांबर पडते. आजोबा सांगायचे, सेक्रेटरिएटचे बाबू बदली होऊन गेले अन् त्यांच्या उधारीची वही तशीच राहिली. ती वही अजून आमच्या माळ्यावर आहे.

इस्फहानचा बाजार मात्र चालू राहिला. पाण्याचं काय ते विचारा. तुमच्या फोटोत तेहतीस कमानींच्या पुलाखाली नदी काठोकाठ भरलेली दाखवलीय, पण ती वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते, २०२१ च्या नोव्हेंबरात शेतकरी पाणी मागत त्याच कोरड्या पात्रात येऊन बसले होते. तेव्हा फोटो कधीचा ते निदान खाली बारीक अक्षरात छापत जा.

आपला जुना वाचक,
इतवारी, नागपूर