किल्ली हातात असूनही

मा. संपादक,
स. न.

‘त्या’ कादंबरीवरच्या प्रतिक्रियांनी कालच्या पुरवणीचं अख्खं पान भरलंत. बरं केलंत. पण सातांपैकी पाच जणांचं एकच टुमणं: किल्ली हातात असताना ही बाई दोनशे पानं ते दार उघडत का नाही? एकाने तर तिला ‘मठ्ठ’ ठरवून टाकलं. हे गृहस्थ विवाहित आहेत का, तेवढं कळवाल?

माझ्या लग्नाला तेव्हा पाच-सहा महिने झाले असतील. यांच्या टेबलाचा खालचा खण कायम कुलूपबंद. ‘त्यात काही नाही हं,’ असं एकदा न विचारताच सांगून झालेलं, त्यामुळे तर डोक्यात भुंगाच. एका दुपारी कपाट आवरताना जुन्या चष्म्याच्या घरात किल्ली सापडली. चार दिवस मी ती तिथेच ठेवली. रोज उघडून बघायची, आहे ना, आणि पुन्हा मिटायचं. दुसरी बाई, कर्ज, आजार, सगळं मनात येऊन गेलं. हे नेहमीसारखं गोड बोलले तरी पोटात गोळा यायचा. पाचव्या दिवशी खण उघडला. आत यांच्या हस्ताक्षरातल्या भुताच्या अकरा गोष्टी, आणि प्रत्येकीला टाचणीने लावलेली ‘साभार परत’ची चिठ्ठी. टाचण्या गंजून कागदावर तांबूस डाग पडलेले. तीन चिठ्ठ्या तुमच्याच कचेरीच्या होत्या, हे सांगायला हरकत नाही.

खण होता तसा लावला. एकतीस वर्षं झाली. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता मलाही मठ्ठ म्हणा.

‘हल्लीच्या लेखिकांचं फॅड’ म्हणणाऱ्या काकांसाठी: फ्रेंच लेखक शार्ल पेरोची निळ्या दाढीवाल्या नवऱ्याची गोष्ट १६९७ची आहे. तिच्यातही बंद खोली आहे, आणि किल्लीवरचा रक्ताचा डाग एका बाजूने घासला की दुसऱ्या बाजूला उमटतो. नायिकेला नावच नाही, ही ज्या ताईंना ‘लेखिकेची हलगर्जी’ वाटली, त्यांनी १९३८ची ‘रिबेका’ ही इंग्रजी कादंबरी काढून बघावी. डाफ्नी द्यु मोरिएने त्यातल्या दुसऱ्या बायकोला शेवटपर्यंत नाव दिलेलं नाही. पुस्तकावर नाव आहे ते मेलेल्या पहिलीचं. दुसरीला तिथे काय वाटत असेल, हे वेगळं सांगायला हवं का?

आणि हो, पानाच्या मधोमध चौकट करून, ठळक टायपात, तुम्ही कादंबरीचा शेवट छापलात. माझी चाळीस पानं उरली होती. आमच्याकडच्या गोष्टी परत पाठवताना जी काटेकोर नजर होती, ती काल सुट्टीवर होती काय?

पत्र छापलंत तर नाव घालू नका. गोष्टींचा आकडाही मी बदलला आहे. तुमचा पेपर आमच्याकडे आधी हेच वाचतात.

एक वाचक