अंगणवाडीत अंडं, पहिलीत नाही

मा. संपादक,
स. न.

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत मी नऊ वर्षं स्वयंपाक करते. पटावर ६२ पोरं. अंगणवाडी आमच्याच आवारात, मध्ये फक्त हातपंप.

अंगणवाडीत आदिवासी विकास विभागाच्या अमृत आहार योजनेतून आठवड्याला चार दिवस अंडं मिळतं, न खाणाऱ्याला केळं. तेच पोर सहा वर्षांचं होऊन हातपंपाच्या अलीकडे, आमच्या पहिलीत आलं की अंडं बंद. गेल्या जूनमध्ये पहिलीतल्या एका पोरीने ताटातली खिचडी बोटांनी उलटीपालटी केली आणि विचारलं, "मावशी, माझं अंडं पातेल्यात राहिलं का?"

नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने शाळेतही आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं, वर्षातले २३ आठवडे. त्या दिवशी हजेरी भरलेली असायची. जव्हारहून जीपमधून ट्रे मांडीवर धरून आणायचे. वळणांवर दोन-तीन फुटायची, ती माझ्या पदरची. एकदा अगदी ताजी अंडी मिळाली, तर टरफल सुटेना, निम्मं पांढरं त्याच्याबरोबरच गेलं. चौथीतला एकजण म्हणाला, "मावशी, शिळीच आणत जा." खरंच, चार दिवस ठेवलेली बरी सोलतात!

जानेवारी २०२५ मध्ये आदेश निघाला, की अंड्यांना वेगळा पैसा मिळणार नाही, लोकसहभागातून द्या. आता आमचे लोक कुठे असतात ते सांगते. भाताची झोडणी उरकली, दिवाळी झाली की अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातो. व्यवस्थापन समितीतले चारजणही त्यातच. मागच्या वर्षी मुख्याध्यापक आणि मी घरोघर फिरलो. दारात म्हातारी माणसं. रोख १८० रुपये जमले आणि दोन पायल्या नागली. नागलीची आंबील पोरांनी आवडीने खाल्ली, पण ते काही अंडं नव्हे.

अंड्यावरून शहरात वाद होतात म्हणे. आमच्याकडे खेकडे-मासळी खाणारी माणसं, इथे कुणाला अंड्याचा विटाळ नाही.

हिशेब साधा आहे. दुकानात अंडं सात रुपयांना, ६२ पोरांचे ४३४. २३ आठवड्यांचे दहा हजारही होत नाहीत. माझं मानधन महिन्याला अडीच हजार, त्यातून ते भागणार नाही. तमिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी अंडं मिळतं, असं मुख्याध्यापक म्हणाले तेव्हा मला आधी थट्टाच वाटली.

आदिवासी विकास विभागाचा पैसा हातपंपापलीकडे पोहोचतो. निदान आमच्यासारख्या आदिवासी पाड्यांपुरता तरी तो वीस पावलं अलीकडे आणावा. येत्या जूनमध्ये अंगणवाडीतून नऊ पोरं पहिलीत येणार आहेत.

(अक्षर माझ्या नववीतल्या मुलीचं, म्हणणं माझं.)

एक स्वयंपाकी मावशी,
ता. जव्हार, जि. पालघर