सुध्या, ती वही जपून ठेवली आहेस ना?

प्रिय सुध्या,

दोन वर्षं तुला ना पत्र, ना फोन. दिवाळीला काकूंच्या आवाजातला निरोप पाठवलास, तो तीनदा ऐकला, आणि उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. सबब काही नाही. आधी मनसोक्त शिव्या घाल, मग पुढचं वाच. आम्ही बरे आहोत. मेधाची पाठ अधूनमधून धरते, माझी साखर काठावर आहे. एवढंच.

लिहायला बसलोय ते ईशानमुळे. मागच्या महिन्यात त्याला ताप आला, साधा व्हायरल. चौथ्या दिवशी उतरला. पाचव्या दिवशी त्याच्या आइस हॉकी संघाची निवड होती. मेधा म्हणाली, राहू दे. पोरगा म्हणाला, मी ठीक आहे. आणि मी गाडीची किल्ली उचलली. तिसऱ्या शिफ्टनंतर, म्हणजे बर्फावरच्या तिसऱ्या पाळीनंतर, तो बेंचवर येऊन बसला, हेल्मेट काढलं आणि छातीवर हात ठेवला. काचेपलीकडून मला ते दिसलं. सुध्या, त्या क्षणी मला ना देव आठवला, ना आई. मला आपला चेरापुंजी आठवला, आपला तो रशियन हॉकीपटू.

आता कळलं ना, हे पत्र तुलाच का? इथे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर आधी अर्धा तास समजावत बसावं लागलं असतं.

ईशान ठीक आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर तू उभ्या उभ्या वाचशील. रक्ताच्या तपासणीत ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली की वाढतं ते, वाढलेलं निघालं, मग एमआरआय झाला. मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज. तापातून आलेली. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण निदान तीन ते सहा महिने धावणं नाही, जिना चढायचा तोही हळूच, आणि बर्फावर तर पाऊलच नाही. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला तेव्हा मेधाने स्पेलिंग विचारलं. मला ते २००८ पासून पाठ होतं.

घरी आल्यावर ईशान दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘बाबा, मला काही होत नाहीये, सगळे उगाच घाबरताय.’ तेव्हा मी त्याला पहिल्यांदा अलेक्सेई चेरेपानोवची गोष्ट सांगितली. सोळा वर्षं घरात हॉकी चालू आहे आणि ते नाव मी काढलं नव्हतं.

जर्सी सिटीच्या त्या खोलीपासून सुरुवात केली. तू केलेलं पिठलं, माझा करपलेला भात आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या सगळ्यात वरच्या रांगेतली आपली दोन तिकिटं. जून २००७ मध्ये आपल्या न्यूयॉर्क रेंजर्स संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत सतराव्या क्रमांकावर एका रशियन पोराला निवडलं. तुला ते आडनाव काही केल्या जमेना, म्हणून तू त्याचं चेरापुंजी केलंस. ‘हा आला की गोलांचा पाऊस’, असं वर स्पष्टीकरण. ईशान तिथे हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग सांगितलं, की पोरगा अल्ताई भागातल्या ओझ्योर्की नावाच्या लहानशा गावचा, जन्म जानेवारी १९८९. ओम्स्कच्या आवांगार्दकडून मोठ्या माणसांच्या लीगमध्ये उतरला तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्या पहिल्याच हंगामात १८ गोल केले आणि नवख्यांमधला पावेल बुरेचा १७ गोलांचा विक्रम मोडला. त्याच हंगामात स्वीडनमधल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम फॉरवर्ड ठरला, रशियाला रौप्य मिळालं. युरोपातल्या खेळाडूंच्या यादीत तो अव्वल होता, तरी सोळा संघांनी त्याला सोडून दिलं. रशियाशी खेळाडूंच्या बदलीचा करार नव्हता, पोरगा कधी येईल याची खात्री कुणाला? तू तेव्हा म्हणाला होतास, ‘येईल रे, आपणही आलोच की.’

आणि मग यागर. ईशानला हे खरं वाटेना. आपला कॅप्टन, ६८ नंबर, २००८ च्या उन्हाळ्यात रेंजर्स सोडून गेला तो थेट ओम्स्कला, आपल्याच पोराच्या संघात! तू आठवडाभर हळहळलास, आणि मग एका सकाळी दात घासता घासता ओरडलास, ‘अरे, बरंच झालं! तो त्याला घडवून इकडे पाठवेल!’ एक छत्तीस वर्षांचा, एक एकोणीसचा, एकाच फळीत. केएचएल या रशियातल्या नव्या लीगचा तो पहिलाच हंगाम. तू तुझ्या निळ्या वहीत आपल्या पोराचा प्रत्येक गोल लिहायचास. तारीख, समोरचा संघ, आणि आपल्याकडे तेव्हा किती वाजले होते ते. पंधरा सामन्यांत आठ झाले होते.

१३ ऑक्टोबर, सोमवार. कोलंबस डेची सुट्टी, म्हणून दोघंही घरी. बातमी तू वाचलीस. मॉस्कोच्या दक्षिणेला चेखव नावाचं शहर, तिथल्या वित्याझ संघाशी सामना, शेवटचं सत्र संपत आलेलं. शिफ्ट संपवून तो बेंचवर आला, शेजारी यागर, आणि तिथेच कोसळला. मैदानावरची अँब्युलन्स निघून गेली होती. हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, डिफिब्रिलेटर, आणला तर त्याची बॅटरी उतरलेली. पोरगा गेला.

आपलं भांडण मी ईशानला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मी म्हणालो होतो, ‘नशीब त्याचं.’ तू ताट बाजूला सारलंस आणि म्हणालास, ‘नशीब नाही, बॅटरी.’ मी म्हणालो, हृदयच खराब असेल तर बॅटरी काय करणार. तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस. पुढे तपास करणाऱ्यांनी सांगितलं, की त्याला मायोकार्डायटिस होता, आणि सामन्याआधी काही तास निकेथामाइड नावाचं उत्तेजकही शरीरात गेलं होतं. ते वाचून मी तुला म्हणालो होतो, ‘बघ, बॅटरीचं नव्हतंच.’ किती हट्टाने म्हणालो होतो! तू नुसता बघत राहिलास.

सुध्या, तुझंच बरोबर होतं, आणि हे तुला सतरा वर्षांनी सांगतोय. तू बॅटरीबद्दल बोलतच नव्हतास. एवढे डॉक्टर, एवढे प्रशिक्षक, क्लब, लीग, आणि एकोणीस वर्षांच्या पोराची छाती कुणी नीट तपासली नाही, कारण सगळ्यांना तो खेळायला हवा होता. तो गेल्यावर लीगने वैद्यकीय नियम कडक केले, नवख्या खेळाडूच्या पुरस्काराला त्याचं नाव दिलं, आवांगार्दने ७ नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. सगळं नंतर. आणि त्या दिवशी गाडीची किल्ली उचलणारा मी कोण होतो? मलाही माझा पोरगा खेळायला हवा होता. निवड होती ना! ताप उतरून चोवीस तास झाले नव्हते.

मेधा काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. रात्री दोन-अडीचला मी त्याच्या दाराशी उभा राहतो, श्वास ऐकू येईपर्यंत. परवा रिंकवर गेलो होतो, त्याची किटबॅग आणायला. प्रवेशाजवळ भिंतीवर डिफिब्रिलेटरची पेटी आहे. आठ वर्षं मी तिच्यासमोरून कॉफी घेऊन गेलोय. परवा थांबलो. हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे बॅटरी चालू. तिथेच उभा राहून रडलो. एक माणूस विचारून गेला, बरं वाटतंय ना.

गोष्ट संपल्यावर ईशानने विचारलं, ‘त्याला आधी काही जाणवलं असेल का?’ मला उत्तर माहीत नव्हतं, तसंच सांगितलं. मग बराच वेळ मोबाईलवर त्याचे जुने गोल बघत बसला. म्हणाला, ‘बाबा, याचे हात बघ.’ तेव्हापासून जिन्यावरून हळू चालतो. काल मात्र स्केटला धार लावून आणशील का म्हणाला. मी हो म्हणालो. सहा महिन्यांत धार कुठे जात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तुझ्याकडे काय? ऋताचं बारावीचं वर्ष ना हे, की झालं? काकूंचा गुडघा? वहिनींनी शाळा सोडली असं बंड्याकडून कळलं, खरं का? बंड्या सगळं तिप्पट करून सांगतो, म्हणून विचारतोय. नव्या घराचे फोटो पाहिले, तुळशीवृंदावन झकास जमलंय.

एक काम कर. ती निळी वही तू सांगलीला नेली होतीस, मला पक्कं आठवतंय, कारण तुझ्या बॅगेत जागा करायला मी माझी चादर काढून घेतली होती. सापडली तर पानांचे फोटो पाठव. ईशानला बघायची आहे. आठही गोल. तुझ्या अक्षरातलं मराठी त्याला वाचता येणार नाही, मी वाचून दाखवीन.

पुढचा एमआरआय तीन महिन्यांनी आहे. त्याआधी फोन करतो, तुझ्या सकाळी, चहाच्या वेळेला. उचल.

तुझा,
मन्या